साठवणीच्या पाण्यातील पिले : सोलापूर परिसरातील मत्स्यसंगोपनाचा मागोवा

सोलापूर शहर मोठ्या नदीच्या काठावर वसलेले नाही. भीमा शहराच्या दक्षिणेकडून वाहते, सीना पश्चिमेकडून उतरून हत्तरसंग कुडल येथे तिला मिळते, आदिला वर्षातील बराच काळ कोरडी राहते आणि पावसाचे मान बेताचेच असते. त्यामुळे या प्रदेशाने पाण्याशी जोडलेले नाते वाहत्या पाण्याचे कमी आणि साठवणीचे अधिक आहे. तलाव, बंधारा, विहीर, हौद, पिंप आणि अगदी अलीकडची दिवाणखान्यातील काचेची टाकी ही त्या साठवणीची क्रमाने लहान होत गेलेली रूपे होत. साठवलेल्या पाण्यात मासा जगतो, वाढतो, पुष्टही होतो. परंतु नदीतील बहुतेक मोठे मासे अंडी घालण्यासाठी पुराच्या नव्या, वाहत्या पाण्याची वाट पाहतात आणि अडवलेल्या पाण्यात त्यांची वीण एकतर होत नाही किंवा झालेली टिकत नाही. म्हणून जेथे जेथे पाणी अडवले गेले तेथे तेथे पिले बाहेरून आणण्याचे आणि ती मोठी होईपर्यंत सांभाळण्याचे काम माणसाच्या अंगावर आले. तलावापासून काचेच्या टाकीपर्यंतचा हा इतिहास एका अर्थाने याच अंगावर आलेल्या पालकत्वाचा इतिहास आहे.

या कामाची मराठी परिभाषा स्वयंपाकघरातून आणि शेतातून आलेली आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पाच ते आठ मिलिमीटर लांबीच्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती खरोखरच जिऱ्याच्या दाण्याएवढी व त्याच आकाराची दिसतात. ती सुमारे इंचभर वाढली की त्यांना मत्स्यबीज म्हणतात, आणि हाताच्या बोटाएवढी झाली की बोटुकली. शेतकरी जसे बी, रोप आणि पीक असे टप्पे ओळखतो तसेच हे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे पाणी, वेगळे अन्न व वेगळी राखण लागते. शहरातील हौशी मत्स्यपालक या शब्दांऐवजी साधे ‘पिल्ले’ म्हणतो; पण त्याच्या टाकीत जे घडते ते मत्स्यजिऱ्यांच्या संगोपनापेक्षा वेगळे नसते.

सोलापूरच्या साठवणीच्या पाण्याची सर्वांत जुनी आणि ठळक खूण म्हणजे सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी तो खोदविला अशी परंपरा आहे. त्याच शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, आणि आजच्या बसवकल्याण येथे राजधानी असलेल्या या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने कोणते भोग व विनोद कसे अनुभवावेत याचे वर्णन करणाऱ्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एका जागी सवय लावणे आणि मग गळाने पकडणे यांची माहिती येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा मध्ययुगीन दख्खनमध्ये गोड्या पाण्यातील माशांचे निरीक्षण किती बारकाईने होत असे ते अभ्यासकांपुढे आले. तथापि राजाचा विनोद मोठ्या माशाभोवती फिरतो. मासा जन्मतो कसा आणि वाढतो कसा हा प्रश्न गळ टाकणाऱ्यापुढे उभा राहत नाही. तो पाणी राखणाऱ्यापुढे उभा राहतो.

भीमेच्या खोऱ्यातील माशांची पहिली आधुनिक नोंद कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने केली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करताना त्याने नद्यांतील मासेही जमवले आणि त्यांचे वर्णन लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ च्या सुमारास मांडले. नव्या जातींना नावे देताना त्याने अनेक ठिकाणी स्थानिक लोकांच्या तोंडचे शब्द तसेच घेतले, त्यामुळे खुद्री, कोलूस, नुक्ता, सिंघाला अशी या मातीतील नावे लॅटिन वळणाच्या शास्त्रीय नामावलीत कायमची जाऊन बसली. शिंगाळा हा शब्द तर भीमाकाठी आजही रोजच्या बोलण्यातला आहे. सायक्सच्या यादीतील बहुतेक मासे वाहत्या पाण्याचे होते आणि त्यांच्या विणीचे वेळापत्रक पावसाळ्याने ठरवलेले होते: पहिला लोंढा आला की ते प्रवाहाविरुद्ध चढत, उथळ काठाला किंवा वाळूगोट्यांत अंडी टाकत आणि पुढे पिलांचे जे व्हायचे ते नदीवर सोपवून परत फिरत.

या नियमाला दख्खनच्या पाण्यात एक लक्षणीय अपवाद आहे, तो म्हणजे मरळ. संथ पाण्यात राहणारा, हवेतून श्वास घेऊ शकणारा हा मासा पाणवनस्पतींत जागा मोकळी करून तेथे तरंगती अंडी घालतो, आणि अंडी फुटल्यावर नर-मादी पिलांच्या थव्याखाली फिरत त्यांची राखण करतात. ही पिले तांबूस-केशरी असतात. ती एकत्र वर येतात, पृष्ठभागावर क्षणभर ठिणग्यांसारखी दिसतात आणि पुन्हा खाली जातात, तेव्हा जाणत्या भोई किंवा कोळ्याला त्यांच्या खालच्या अंधारात मोठा मासा उभा आहे हे कळते. सोलापूरच्या पूर्व भागात वस्ती करून असलेल्या तेलुगू भाषक विणकर समाजात मृग नक्षत्र लागताना मासे खाण्याची चाल आहे, आणि त्या दिवशी मासळी बाजारात गर्दी होते. पावसाळ्याच्या ज्या उंबरठ्यावर ही चाल पाळली जाते तोच माशांच्या विणीचाही काळ असतो; मासा, मृग आणि पाऊस यांची सांगड लोकांनी शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी घातली होती, हे त्यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साठवणीचे प्रमाण एकदम बदलले. सोलापूरपर्यंत लोहमार्ग १८६० मध्ये पोहोचला, आणि शहराच्या ईशान्येस आदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव, ज्याला लोक हिप्परगा तलाव म्हणतात, १८७१ मध्ये पूर्ण झाला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात हाती घेतलेल्या कामांतून आष्टीसारखे तलावही उभे राहिले. हे तलाव शेतीला पाणी देण्यासाठी व दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी होते, माशांसाठी नव्हे. तरीही हजारो एकर पाणी एका जागी थांबले म्हणजे त्यात मासळी वाढवण्याचा विचार पुढेमागे होणारच होता. येथे पूर्वी सांगितलेली अडचण आडवी आली. नदीतील मोठ्या जाती तलावात आपोआप पुरेशा वाढत नव्हत्या, आणि तलावात वेगाने वाढणारे कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे मुळात गंगेच्या खोऱ्यासारख्या उत्तरेकडील नद्यांचे. भीमेत त्यांचा वंश नव्हता.

या तीन माशांचे बीज दीर्घकाळ बंगालमधील नद्यांतून येत असे. पुराच्या पाण्यात काठाने बारीक जाळी लावून वाहत येणारी पिले अडवायची, ती मातीच्या हंड्यांत भरायची आणि रेल्वेने देशभर पाठवायची, असा हा व्यापार होता. हंडीच सोयीची पडे, कारण मातीच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याने आतील पाणी थंड राही आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. सोबतचा माणूस प्रवासभर हंड्या हलवत राही, म्हणजे पाणी हिंदकळून त्यात हवा मिसळे, आणि वाटेत जमेल तेथे थोडे थोडे पाणी बदलत जाई. तरीही या बीजात तीन दोष होते: ते कोणत्या जातीचे आहे हे पिले मोठी झाल्याशिवाय निश्चित कळत नसे, त्यात इतर मासे खाणाऱ्या जातींची पिलेही मिसळलेली असत, आणि लांबच्या प्रवासात त्यातले पुष्कळसे मरून जाई.

हा अडसर १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे दूर झाला. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा अर्क नर-मादींना टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. पूर येण्याची जी सूचना नदी देत असे ती आता सुईने दिली जाऊ लागली. या पद्धतीला प्रेरित प्रजनन म्हणतात, आणि भारतात १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेमुळे. यानंतर नदीवरचे अवलंबन हळूहळू कमी होत गेले आणि तलावांच्या प्रदेशांना आपले बीज आपणच तयार करणे शक्य झाले.

प्रेरित प्रजननाच्या सुरुवातीच्या दशकांत वापरली गेलेली साधने आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. हापा म्हणजे चार बांबूंना ताणून पाण्यात बांधलेली, तळ असलेली कापडी पेटी. अंडी उबवण्यासाठी एकात एक असे दोन हापे लावत: आतला मच्छरदाणीच्या जाळीचा, बाहेरचा मलमलीसारख्या घट्ट विणीच्या कापडाचा. पाणी पिऊन फुगलेली काचमण्यांसारखी अंडी आतल्या हाप्यात पसरली की साधारण १५ ते १८ तासांत ती फुटत, पिले जाळीच्या छिद्रांतून बाहेरच्या हाप्यात उतरत आणि टरफले व कुजकी अंडी आतच राहत. मग आतला हापा उचलून घेतला की पाणी स्वच्छ होई. कापडाच्या विणीच्या मापावर जीवन व घाण वेगळे करणारी ही युक्ती ज्या शहराची ओळखच चादर, टॉवेल आणि माग यांनी झाली आहे त्या शहरातील वाचकाला सहज उमगण्याजोगी आहे.

अंड्यातून निघालेल्या जिऱ्याला पहिले तीन दिवस अन्न लागत नाही, कारण त्याच्या पोटाशी पीतक पिशवी, म्हणजे अंड्यातील बलकाचा उरलेला साठा, चिकटलेला असतो आणि तोच त्याची शिदोरी असतो. ही शिदोरी संपते त्या क्षणापासून खरी परीक्षा सुरू होते. तोंड उघडलेले असते, पण ते इतके लहान असते की डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणीच त्यात मावतात. म्हणून संगोपन तळ्यात पिले सोडण्याच्या काही दिवस आधी कच्चे शेण टाकून पाण्यात सूक्ष्म प्राण्यांची पैदास करतात आणि नंतर शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा यांची बारीक पूड देतात. दुसरीकडे पिलांना खाणाऱ्यांचा बंदोबस्त करावा लागतो: शिकारी मासे मोहाच्या पेंडीने मारतात, तर पाणभुंगे व इतर पाणकिडे यांच्यासाठी साबण आणि तेल यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरतात, त्याने श्वासासाठी वर येणाऱ्या किड्यांची वाट बंद होते. एका किलो वजनाच्या रोहू मादीपासून साधारण २ लाख अंडी मिळू शकतात. त्यातून बोटुकली किती उरतील हे या पंधरा-वीस दिवसांच्या राखणीवर ठरते.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा यशवंतसागर जलाशय सोलापूर व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर पसरला. भीमेचे वाहते पात्र येथे मैलोगणती संथ झाले, अनेक मूळ जातींची विणीची ठिकाणे पाण्याखाली गेली आणि मासेमारी सोडलेल्या बीजावर अधिकाधिक अवलंबून राहू लागली. याच काळात एका परक्या माशाने आपले बस्तान बसवले. तिलापिया, म्हणजे भीमाकाठच्या बोलीतील चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणला गेला होता. त्याची मादी अंडी आणि नुकतीच फुटलेली पिले तोंडात धरून ठेवते, धोका दिसला की बाहेर फिरणारी पिलेही पुन्हा तोंडात घेते. त्याला ना पूर लागतो, ना हापा, ना शेणखत. कटला-रोहूच्या पिलांना माणसाने वाढवावे लागते आणि चिलापीची पिले आईच्या जबड्यात वाढतात, या एका फरकाने उजनीच्या बाजारातील मासळीचे स्वरूप बदलून टाकले.

घरातील काचेच्या टाकीचा इतिहास या सर्वांहून निराळ्या वाटेने आला. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये सोनमासे, पाणगवत आणि गोगलगाय यांना एका काचपात्रात ठेवून दाखवले की वनस्पती प्राणवायू देतात, मासा त्यांना खत देतो व गोगलगाय कुजका भाग खाते, म्हणजे तिघांचा मेळ बसला तर पाणी वारंवार न बदलताही पात्र टिकते. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये अशा पात्रासाठी ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप मिळाले ते १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. त्याआधीच मुंबईच्या मत्स्यखात्याशी संबंधित संशोधक सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातील एका इवल्या, पारदर्शक माशाचे वर्णन करून त्याला होरा आणि मत्स्यखात्याचे एस. बी. सेटना या दोघांच्या नावांवरून ‘होराइक्थिस सेटनाय’ असे नाव दिले होते. या माशाच्या मादीच्या शरीरातच अंडी फलित होतात आणि मग ती पाणवनस्पतींना चिकटवली जातात. घरातील टाकीतही अंडी आणि पिले यांना वनस्पतीचा आधार लागतो तो असाच.

सोलापुरात मासा घरात आला तो शोभेच्या आधी उपयोगासाठी, आणि त्याचे कारण पुन्हा पाण्याची साठवण हेच होते. शहराला हिप्परगा, भीमेवरील टाकळी आणि उजनी या तीन ठिकाणांहून पाणी येते; पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून प्रत्येक घरात हौद, टाक्या आणि पिंपे भरून ठेवण्याची रीत पडली. साठवलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, हिवताप व डेंग्यू पसरतात, आणि त्यावरचा आरोग्य खात्याचा उपाय म्हणजे गप्पी मासे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादमधला हा मासा तेथील लेचमेरे गप्पी यांच्यामुळे युरोपात नावारूपाला आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात डासनिर्मूलनासाठी आणला गेला. त्याच कामासाठी १९२८ मध्ये गंबुसिया हा दुसरा मासाही आला. गप्पी अंडी घालत नाही, सुमारे महिन्याभराच्या अंतराने जिवंत पिलांना जन्म देतो, म्हणून आरोग्य केंद्राच्या आवारातील सिमेंटच्या हौदात त्यांची पैदास करणे आणि तेथून मूठभर मासे विहिरीत किंवा घरच्या हौदात सोडणे सोपे जाते. विहिरीत मासे किंवा कासव सोडून पाणी निर्मळ ठेवण्याची जुनी ग्रामीण चाल माहीत असलेल्या लोकांना हा सरकारी उपाय परका वाटला नाही.

शोभेच्या टाक्या त्यामागून आल्या. सुरुवातीच्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत लुकणाने काचा बसवून केलेल्या असत, आणि त्यांच्या कडांतून पाणी झिरपणे व गंज चढणे हे ठरलेले असे. सिलिकॉनने काचेला काच जोडता येऊ लागल्यावर टाकी स्वस्त, हलकी आणि कोणत्याही मापाची झाली. मासे मुख्यतः कोलकात्याहून मुंबईमार्गे येत. त्यांत गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे पिले देणारे मासे सोलापुरात अधिक रुळले याला भूगोलाचे कारण आहे: दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी क्षारयुक्त व जड असते आणि या माशांना तेच मानवते, तर मऊ पाण्यातील टेट्रासारख्या जातींची अंडी अशा पाण्यात नीट उबत नाहीत. दुसरी एक गोष्ट विपरीत परिस्थितीतून सोयीची ठरली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पिलांच्या कल्ल्यांना घातक असतो, पण उघड्या हौदात चार दिवस मुरलेल्या पाण्यातून तो उडून गेलेला असतो. इतर शहरांतील छंदिष्टाला जे पाणी मुद्दाम भरून ठेवावे लागते ते सोलापूरकराच्या घरी नाइलाजाने तयारच असते.

वनस्पती लावलेल्या टाकीत पिलू कसे वाचते हे पाहिले म्हणजे तळ्यातील आणि काचेतील विद्या एकच असल्याचे दिसते. गप्पीचे नवजात पिलू सहा-सात मिलिमीटरचे, म्हणजे मत्स्यजिऱ्याएवढेच असते आणि जन्मताच पोहू लागते. त्याचा पहिला शत्रू त्याची आईच असते. टाकीच्या एका कोपऱ्यात हायड्रिला, सेराटोफायलम किंवा जावा मॉस दाट वाढवलेले असेल तर पिलू सरळ त्यात शिरते, कारण त्या गुंत्यात मोठ्या माशाला वळता येत नाही. हायड्रिला आणि सेराटोफायलम या दोन्ही वनस्पती या प्रदेशातील तलावांतही उगवतात. त्यांच्या पानांवर धरलेल्या बुळबुळीत थरात एकपेशीय प्राणी व शैवाल असते. पिलू दिवसभर पानापानाला तोंड लावत फिरते ते हाच थर खरवडण्यासाठी, आणि संगोपन तळ्यातील शेणखताचे काम येथे पान करते.

अंडी घालणाऱ्या जातींत काम अधिक नाजूक होते. सोनमाशाची चिकट अंडी पानांना डकतात. नर-मादी लगेच वेगळे काढले नाहीत तर तीच अंडी त्यांचे जेवण होतात. गुरामीचा नर पृष्ठभागावर तरंगत्या वनस्पतींच्या आधाराने बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यातून खाली पडणारी अंडी तोंडाने उचलून पुन्हा घरट्यात ठेवतो. मात्र पिले पोहू लागली की त्यालाही बाजूला काढावे लागते. गुरामीची पिले इतकी सूक्ष्म असतात की पहिल्या आठवड्यात त्यांना केवळ कोबीचे पान किंवा केळीची साल पाण्यात कुजवून वाढवलेले सूक्ष्मजीवच खाता येतात. त्यापुढे उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून थेंबाथेंबाने देतात, आणि मग आर्टेमियाची पिले. आर्टेमिया हा मिठागरांत व खाऱ्या सरोवरांत राहणारा झिंगावर्गीय जीव असून त्याची वाळलेली अंडी मिठाच्या पाण्यात एक-दीड दिवसात फुटतात. १९३० च्या दशकापासून जगभर माशांच्या पिलांना हे जिवंत अन्न दिले जाते. बलक जास्त पडला तर पाणी एका रात्रीत नासते, म्हणून अनुभवी माणूस पिलांची पोटे फुगून नारिंगी दिसू लागली की हात आवरतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याची या सगळ्यावर छाया असते. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो; त्याच वेळी उष्णतेने पिलांची भूक व श्वास दोन्ही वाढलेले असतात. भारनियमनाच्या वर्षांत हवेचा पंप तासन्‌तास बंद पडे तेव्हा कोणती टाकी तगेल हे वनस्पती आणि गर्दी यांवर ठरे. दिवसा पाने प्राणवायू देत, रात्री तीच पाने तो वापरत, म्हणून दाट वनस्पती असूनही पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची असे. मोठ्या पंपापेक्षा थोडी पिले, पसरट टाकी आणि वरून मोकळे राखलेले पाणी अधिक भरवशाचे ठरते, हा धडा या कोरड्या शहराला विजेच्या टंचाईने दिला. जुन्या हंडीवाल्याला हेच ठाऊक होते.

नदीतून टाकीकडे आलेली ही वाट अलीकडे उलटही वाहू लागली आहे. काचेवरचे शैवाल खाणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा टाकीत फार वाढला की कोणीतरी तो जवळच्या पाण्यात सोडतो. त्याच्या अंगावर हाडांचे कवच असल्याने त्याला खाणारे फारसे कोणी नसते, आणि उजनीच्या जाळ्यांत तो सापडू लागल्याची, जाळी फाडत असल्याची तक्रार मच्छीमार करू लागले आहेत. गप्पी, गंबुसिया आणि चिलापी यांनीही ओढे-नाल्यांत स्थानिक लहान माशांची जागा व्यापली आहे. याच्या नेमके उलट उदाहरण लोणावळ्याचे आहे: तेथे टाटा वीज कंपन्यांच्या तलावांवर सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात सायक्सच्या ‘खुद्री’ या महसीर माशाची अंडी हाताने फलित करून, पिले वाढवून ती नद्या-तलावांत परत सोडण्याची पद्धत बसवली. पिले वाढवण्याचे कसब दोन्हीकडे सारखेच आहे. ती कोणत्या पाण्याची आहेत आणि कोणत्या पाण्यात जातात यावर त्या कसबाचे फळ ठरते.

घरातील टाकीचे पाणी हिप्परगा, टाकळी किंवा उजनीमार्गे भीमेच्या खोऱ्यातूनच येते, आणि शहराच्या नाल्यांतून ते शेवटी त्याच खोऱ्यात परत जाते. म्हणून ज्याने शेवाळाच्या आडोशाने शंभर पिले वाचवली त्याने जास्त झालेली पिले दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत किंवा दुकानात परत करावीत. सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्यात किंवा उजनीत त्यांतील एकही सोडू नये.